नावाडी नसलेलं बेट

मेंदिन्यो या कवीची एकच कविता आज शिल्लक आहे. तेराव्या शतकातला हा गालिसियाचा गायक-कवी. त्याच्या घरादाराचा, जन्ममृत्यूचा दाखला कुठल्याही कागदात नाही. आहे ती एवढी कविता. सहा कडवी, प्रत्येक कडव्यात दोन ओळी आणि खाली पालुपद. सान सिमोन बेटावरच्या देवळात एक मुलगी प्रियकराची वाट पाहत बसली आहे. भरती लागते, लाटा बेटाला वेढतात. तिला परत न्यायला नावाडी नाही आणि तिला स्वतःला वल्हं मारता येत नाही. पाणी चढत राहतं, ती वाट पाहत राहते, आणि ऐन तारुण्यात आपण इथेच या पाण्यात संपणार, हे तिला उमगतं. प्रियकर का आला नाही, हे कविता सांगत नाही. पुढे तिचं काय झालं, तेही नाही.

ते बेट खरोखरचं आहे. स्पेनच्या वायव्य टोकाला, विगोच्या खाडीच्या अगदी आतल्या पोटात. तिथे जायचं, हे मी फार पूर्वी ठरवून ठेवलं होतं.

पोर्तुगालमधल्या पोर्तूहून विगोला थेट गाडी जाते. बराच वेळ डावीकडे अटलांटिक सोबत करतो, मग मिन्यो नदी लागते आणि 1886 सालच्या लोखंडी पुलावरून गाडी स्पेनमध्ये शिरते. पूल ओलांडला की घड्याळ तासभर पुढे करायचं. बाकी काही बदलत नाही. तेच द्राक्षांचे वेल चढवलेले मांडव, तीच ग्रॅनाइटची घरं, अंगणातला तोच कोबी. बोलणंही एका काठावरून दुसऱ्या काठावर सहज पोचतं. मेंदिन्योच्या काळात तर दोन्हीकडची काव्यभाषा एकच होती. म्हणूनच पणजीत पोर्तुगीज शिकताना पहिल्याच वर्षी आमच्या बाईंनी ही गाणी आमच्यापुढे ठेवली होती. प्राचीन पोर्तुगीज कविता म्हटली की सुरुवात इथूनच करावी लागते.

गालिसियाचा किनारा पार तुटक आहे. नद्यांच्या जुन्या खोऱ्यांत समुद्र शिरला आणि लांबच लांब खाड्या झाल्या. त्यांना तिथे 'रिया' म्हणतात. विगोच्या रियाच्या तोंडाशी सीएस बेटं आहेत, ती मोकळ्या अटलांटिकचा मार अंगावर घेतात, म्हणून आतलं पाणी बरंचसं शांत. त्या पाण्यावर चौकोनी तराफे ओळीने नांगरलेले दिसतात. निलगिरीच्या लाकडाचे हे तराफे शिनाण्यांच्या शेतीचे. एकेका तराफ्याखाली बारा मीटरपर्यंत लांबीचे, पाचशेपर्यंत दोर सोडलेले असतात आणि दोरावर काळ्या कवचाच्या शिनाण्या लगडतात. गालिसियात असे तीन हजारांहून जास्त तराफे आहेत.

विगो आज तीनेक लाख वस्तीचं शहर आहे आणि युरोपातल्या सगळ्यात मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. बर्बेस या जुन्या कोळीवाड्याच्या कमानी अजून उभ्या आहेत, पण समुद्र भराव घालून मागे सारलेला. जवळच्या गल्लीत बायका दगडी ओट्यांवर कालवं फोडतात. मी एकीच्या समोर उभी राहिले. डाव्या हातात जाड फडक्यात धरलेलं कालव, उजव्या हातात आखूड पात्याची सुरी. सांध्यात टोक घालून मनगटाला एक हलका पीळ, की कवच उघडतं. आतलं पाणी सांडू न देता ती ते बशीत लावते, मध्ये लिंबाची फोड ठेवते. डोळे गिऱ्हाइकावर, हात आपापले चाललेले.

या शहराला कवितेत आणलं ते मार्तिन कोदाशने. तोही तेराव्या शतकातलाच. त्याची सात गाणी मिळाली आहेत आणि सातही गाण्यांत बोलणारी एक मुलगी आहे. ती विगोच्या समुद्रातल्या लाटांना विचारते, माझा मित्र दिसला का. कधी आईला सांगते की निरोप आला, तो सुखरूप येतोय. कधी बहिणीला बोलावते, चल, देवळापाशी जाऊन खवळलेला समुद्र पाहू. एका गाण्यात ती एकटी आहे, राखणीला कुणी नाही, आहेत ते फक्त तिचे पाझरणारे डोळे. एकात देवळाच्या आवारात नाच चालला आहे. शेवटच्या गाण्यात ती पुन्हा लाटांपाशी येते आणि तिच्या मित्राला उशीर का होतोय, ते त्यांनाच विचारते. लाटा सातही गाण्यांत एकदाही बोलत नाहीत.

या गाण्यांना 'कांतिगा द आमिगो' म्हणतात, म्हणजे मित्राची गाणी. अशी सुमारे 500 उरली आहेत. लिहिणारे सगळे पुरुष, बोलणारी मात्र नेहमी बाई. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. त्याच तेराव्या शतकात ज्ञानेश्वर विराण्या लिहीत होते, विरहिणी होऊन, अंगणातल्या कावळ्याला शकुन विचारत. ज्ञानेश्वरी पुरी झाली ती 1290 साली. त्याच वर्षी पोर्तुगालचा राजा दों दिनिश याने लिस्बनला विद्यापीठ स्थापन केलं. हा राजा स्वतःही कवी, त्याची 137 गाणी आज मिळतात. नेवासा आणि लिस्बन यांना एकमेकांची वार्ताही नव्हती. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीला तिचा विठ्ठल भेटणार आहे, ती वाट परमार्थाची आहे. कोदाशची मुलगी ज्याच्यासाठी झुरते तो हाडामांसाचा माणूस आहे आणि तो येईल याची हमी कुणीच दिलेली नाही.

गाण्यांची बांधणी ऐकण्यासारखी आहे. पहिल्या कडव्यात एक गोष्ट सांगायची, दुसऱ्या कडव्यात तीच पुन्हा, फक्त शेवटचा शब्द बदलून. तिसरं कडवं पहिल्याच्या दुसऱ्या ओळीपासून उचलायचं आणि एक पाऊल पुढे टाकायचं. चौथं दुसऱ्याच्या. असं दोन पावलं पुढे, एक मागे करत गाणं सरकतं आणि दर कडव्याखाली पालुपद तसंच्या तसं. जात्यावरची ओवी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे अंगातूनच कळतं. दुःखात असलेलं माणूस नवीन काही बोलत नाही, तेच तेच बोलतं. या कवींनी ती पुनरुक्ती झाकली नाही, तिच्यावरच गाणं उभं केलं. विद्वान तिला छंदाची युक्ती म्हणतात. मला ती माणसाच्या स्वभावाची अचूक ओळख वाटते.

या गाण्यांच्या चाली आपल्यापर्यंत आल्या त्या एका पुस्तकाच्या पुठ्ठ्यातून. 1914च्या सुमारास माद्रिदमधला जुन्या पुस्तकांचा व्यापारी पेद्रो विंदेल याला सिसेरोच्या एका चौदाव्या शतकातल्या हस्तलिखिताच्या बांधणीत एक चर्मपत्र सापडलं. त्यावर कोदाशची सात गाणी होती आणि सहांच्या डोक्यावर स्वरांकन. नाचाच्या त्या सहाव्या गाण्याला तेवढी चाल लिहिलेली नाही. गालिसिया-पोर्तुगालच्या या परंपरेतली लौकिक गाणी सोळाशेंहून जास्त उरली, पण चालीसकट उरली ती ही सहा, आणि दों दिनिशच्या सात गाण्यांचा एक फाटका तुकडा. तोही 1990 साली लिस्बनच्या दफ्तरखान्यात एका पुस्तकाच्या बांधणीतच मिळाला. कुणातरी बांधणीवाल्याला कातडं हवं होतं, म्हणून चाली वाचल्या. विंदेलचं चर्मपत्र आता न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. 2017च्या ऑक्टोबरात ते काही महिन्यांसाठी विगोच्या सागर संग्रहालयात आणलं होतं. ज्या समुद्राची ती गाणी, त्याच्या अगदी काठावर.

संध्याकाळी मी त्या चाली कानाला लावून बंदराच्या धक्क्यावर चालत गेले. स्वरांचा पल्ला लहान आहे, चार-पाच सुरांत गाणं फिरतं आणि पालुपदाला खाली उतरतं. धक्क्यावर मोठाली प्रवासी जहाजं लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे कित्येक दशकं याच बंदरातून गालिसियातली लाखो माणसं हवाना आणि ब्वेनोस आइरेसला गेली. इतकी, की अर्जेंटिनात कुठल्याही स्पॅनिश माणसाला सर्रास 'गायेगो', म्हणजे गालिसियन, म्हणू लागले. पुरुष गेले, बायका शेताशी आणि पोरांशी राहिल्या. पत्रं येत, मग विरळ होत, मग थांबत. रोसालिया द कास्त्रो या गालिसियाच्या सर्वांत मोठ्या कवयित्रीने 1880 साली आलेल्या आपल्या संग्रहातल्या शेवटच्या भागाला नाव दिलं ते जिवंतांच्या आणि मेलेल्यांच्या विधवांचं. नवरा जिवंत असलेल्या विधवा. तिच्या सहाशे वर्षं आधी पुरुष कवींनी बाईच्या तोंडी जे घातलं, ते इथे पहिल्यांदा एक बाई आपल्या नावाने लिहीत होती, आणि तिच्या आसपासच्या घराघरांत ते घडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल गाडीने रेदोंदेला. गावावरून एकोणिसाव्या शतकातले दोन रेल्वेपूल जातात, इतके उंच की घरांची कौलं त्यांच्या पायाशी खेळण्यातली वाटावीत. तिथून पुढे सेसांतेसचा किनारा. वाळूची एक जीभ पाण्यात शिरते आणि तिच्या समोरच, काही शे मीटरवर, झाडांनी गच्च भरलेलं सान सिमोन. कविता वाचताना मला ते पुष्कळ दूर वाटलं होतं. कवितेतल्या मुलीला किनाऱ्यावरची घरं, घरांतला धूर सगळं दिसत असणार. हाक मारली असती तर वारा पडलेला असताना ऐकू गेली असती. हे अंतर पाहिल्यावर कविता आणखी निर्दय झाली.

ओहोटी होती. या खाडीत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरपर्यंत जातो. उघड्या पडलेल्या चिखलवाळूत बायका वाकून तिसऱ्या काढत होत्या. गालिसियात हे काम परवान्याचं आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं आहे. लांब दांड्याचं दाताळं वाळूत रोवायचं, मागे ओढायचं, वर आलेल्या तिसऱ्या वेचायच्या, लहान असतील त्या मापाच्या भोकातून घालून बघायच्या आणि आरपार गेल्या तर परत वाळूत. काठावर येऊन पाठ सरळ करणाऱ्या एका वयस्कर बाईंशी बोलले. मी माझ्या पोर्तुगीजमध्ये, त्या त्यांच्या गालिसियनमध्ये. नवरा आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या ग्रान सोलच्या समुद्रावर मासेमारीला जायचा, म्हणाल्या. गेला की आठवडेच्या आठवडे.

"मग तुम्ही काय करायचात?" मी विचारलं.

"काम," त्या म्हणाल्या. "भरती आली की घरी, ओहोटी लागली की इथे. रेडिओवर वादळाचं सांगितलं की रेडिओ बंद करायचा नाही आणि कुणाशी बोलायचं नाही."

मेंदिन्योचं नाव त्यांना माहीत होतं. शाळेत नातवंडं ते गाणं म्हणतात. गालिसियात 17 मे हा गालिसियन साहित्याचा दिवस असतो, बहुतेक वर्षी एका लेखकाच्या नावाने. 1998 साली तो कोदाश, मेंदिन्यो आणि पलीकडच्या काठावरचा जुआन द कांगास या तिघांना मिळून दिला होता. एका खाडीचे तीन कवी.

होडीने बेटावर पोचायला थोडकी मिनिटं लागतात. खरं तर ही दोन बेटं, सान सिमोन आणि सान आंतोन, मध्ये छोटा दगडी पूल. बॉक्सवूडच्या जुन्या झाडांची एक दाट वाट आहे. दोन्हीकडून फांद्या मिळून वर छत झालेलं. चालताना समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो. कवितेतलं देऊळ आता नाही. आज दिसतं ते चॅपेल पुष्कळ नंतरचं.

इथलं जे मी वाचून आले होते, ते जागेवर उभं राहून सोसणं वेगळं. 1838 साली या बेटांवर साथीच्या रोग्यांसाठी विलगीकरणाचा दवाखाना उघडला. अमेरिकेहून आलेल्या जहाजांतले पिवळ्या तापाचे, पटकीचे संशयित इथे उतरवत. ज्यांना लागण झाली त्यांना पूल ओलांडून सान आंतोनवर नेत. बरीच माणसं त्या पुलावरून परत आली नाहीत. ज्या गावी जायला महिनाभर समुद्र कापला ते समोर दिसतंय आणि तिथे पाऊल टाकता येत नाही. 1927पर्यंत हे चाललं.

मग 1936. यादवी युद्ध सुरू झालं आणि फ्रँकोच्या बाजूने बेटाचा तुरुंग केला. 1943पर्यंत इथे शिक्षक, कामगार, शेतकरी, पुढेपुढे तर स्पेनच्या कानाकोपऱ्यातून आणलेली म्हातारी माणसं कोंडली होती. उपासमारीने आणि आजाराने माणसं गेली, काहींना रात्री बाहेर काढून गोळ्या घातल्या. रेदोंदेलातल्या काही बायकांनी ओळखदेख नसलेल्या कैद्यांना कपडे धुऊन दिले, खायला पाठवलं. 1950 साली इथे एक लाँच उलटली आणि फ्रँकोच्या गार्डमधली चाळीसहून अधिक माणसं या शांत दिसणाऱ्या पाण्यात बुडाली. त्यानंतर काही वर्षं इथे खलाशांच्या अनाथ मुलांची शाळा होती.

ती मुलं कुणाची, हे लक्षात घ्या. समुद्राने ज्यांचे बाप नेले, त्यांना समुद्राने वेढलेल्या बेटावर ठेवलं होतं.

मी बेटाच्या पश्चिम कडेला, पाण्याशी उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसले. भरती लागली होती. ती येताना दिसत नाही. एक पायरी ओली होते, कोरडी होते, पुन्हा ओली होते, आणि बऱ्याच वेळाने लक्षात येतं की ती पायरी आता पाण्याखालीच आहे. मेंदिन्योच्या कडव्यांची चाल हीच. पहिल्या कडव्यात ती देवळात आहे, दुसऱ्यात वेदीसमोर, आणि मग नावाड्याचा, वल्ह्याचा विचार येतो, तो दोनदा येतो, आणि मग मरणाचा, तोही दोनदा. प्रत्येक विचाराला लाट एकदा शिवते आणि दुसऱ्यांदा गिळते.

म्हणून माझं मत असं की मेंदिन्यो कोदाशपेक्षा मोठा. कोदाश लोकांना जास्त प्रिय आहे, त्याला चाली लाभल्या, त्याच्या मुलीला आई आहे, बहीण आहे, मैत्रिणी आहेत, ती पाण्यात न्हायला जाते, नाचते. तिच्या दुःखाला सोबत आहे. मेंदिन्योच्या मुलीला कुणी नाही. आई नाही, देवाचा धावा नाही, लाटांना प्रश्नही नाही. तिला फक्त काय नाही तेवढं माहीत आहे. ही कविता विलगीकरणाच्या दवाखान्यातल्या रोग्यांची, कैद्यांची, खलाशांच्या पोरांची नंतर होत गेली, ती याचमुळे. तिच्यात कारण सांगितलेलं नाही. ज्याला जे कारण असेल ते घेऊन त्याने तिच्यात जाऊन बसावं.

आणि ही गोष्ट जुनी झालेली नाही. 2022च्या फेब्रुवारीत गालिसियाच्या मारीन बंदराची 'व्हिला द पितांशो' ही मासेमारी नौका न्यूफाउंडलँडच्या समुद्रात बुडाली. 24 खलाशी होते: स्पॅनिश, पेरूचे, घानाचे. तिघे वाचले. बुडालेल्या 21 जणांपैकी 12 जणांचे देह मिळाले नाहीत. त्या घरांत काय चाललं असेल हे सांगायला मी नको. सेसांतेसच्या त्या बाईंनी या नौकेचं नाव घेतलं तेव्हा दाताळं वाळूत रोवून दोन्ही हात त्याच्या दांड्यावर ठेवले होते, आणि त्यानंतर त्या मेंदिन्योबद्दल काही बोलल्या नाहीत.

ज्यांना जायचं आहे त्यांनी विगोतच थांबू नये, रेदोंदेलाला यावं. बेटावर होडी रोज असतेच असं नाही, आधी चौकशी करून परवानगी आणि तिकीट काढावं लागतं. होडी मिळाली नाही तरी सेसांतेसच्या वाळूवर एक पूर्ण भरती बसून पाहावी. खिशात कविता असावी. कोदाशची सात आणि मेंदिन्योचं एक, मिळून आठ गाणी आहेत, दहा-बारा पानांत मावतील. ओवीचा घाट त्यांना अंगचाच असल्यासारखा बसेल. गोव्यात मूळ भाषा वाचू शकणारी आणि मराठी लिहिणारी माणसं अजून आहेत. त्यांनी इंग्रजीच्या आडून न जाता ही आठ गाणी थेट मराठीत आणावीत, एवढी विनंती.